पेपर फेब्रुवारीत, पण परीक्षा डिसेंबरपासून

प्रश्न असा आहे : "दादा, मी नागपूरहून मेकॅनिकल करून ऑक्टोबरमध्ये जर्मनीत मास्टर्सला आले. फेब्रुवारी-मार्चमध्ये सहा-सहा क्रेडिटचे पाच पेपर आहेत आणि ते सहा आठवड्यांत विखुरलेत. आठवड्याला चार-चार तासांच्या तीन शिफ्ट वेअरहाउसमध्ये करते. होस्टेलवर आठ जणांत एक किचन, आणि घरून रोज फोन. या काळात दिवस कसा लावायचा? नेमकं कुठे चुकतं?"

हे डिसेंबरात विचारलंस ते बरं केलंस. जानेवारीच्या अखेरीला विचारलं असतंस तर निम्म्या उत्तराचा उपयोग नव्हता. आपल्याकडची मुलं पहिल्या सेमिस्टरला अडकतात ती बहुतेक वेळा विषय डोक्यावरून गेला म्हणून नाही. नोंदणीची तारीख निघून जाते, आजारपणाचा कागद चुकीचा निघतो, मोकळ्या दिसणाऱ्या दिवसांत शिफ्ट वाढतात, आणि मग अभ्यासाला तासच उरत नाहीत. म्हणून आधी कागदांचं सांगतो, अभ्यासाचं मागून.

नागपूर विद्यापीठाच्या हिवाळी किंवा उन्हाळी परीक्षेचा फॉर्म कॉलेजातून एकदा भरला की सेमिस्टरचे सगळे पेपर त्यात आले. तारीख जवळ आली की ऑफिसातले बाबू ओरडतात, ग्रुपवर मेसेज फिरतात, उशीर झालाच तर लेट फी भरून सुटका होते, आणि शेवटी हॉलतिकीट हातात पडतं. जर्मनीत यातलं काही होत नाही. लेक्चरला नाव टाकणं वेगळं, परीक्षेची अनमेल्डुंग, म्हणजे नोंदणी, वेगळी, आणि ती प्रत्येक पेपरसाठी पोर्टलवर स्वतः करायची. खिडकी काही विद्यापीठांत नोव्हेंबरातच उघडते, काही ठिकाणी जानेवारीत, आणि बंद झाली की सहसा बंदच. प्रुफुंग्सअम्ट, म्हणजे परीक्षा विभाग, तुला आठवण करायला बांधील नाही. आज पोर्टल उघड, पाचही पेपरांची नोंदणी कधीपासून कधीपर्यंत आहे आणि नाव मागे घ्यायची शेवटची तारीख कोणती, हे एका कागदावर लिहून पलंगासमोर लाव. नोंदणी झाल्यावर 'नोंदणीकृत' असं दाखवणाऱ्या पानाची पीडीएफ काढून ठेव. पोर्टलने शेवटच्या क्षणी मान टाकली तर तोच पुरावा.

नाव मागे घ्यायची तारीख नोंदणीइतकीच महत्त्वाची, कारण तिथे बऱ्याच विद्यापीठांत एका पेपरला एकूण तीनच संधी असतात. नाव नोंदवून न सांगता गैरहजर राहिलीस तर ५.० लागतो, म्हणजे नापास, आणि एक संधी गेली. तिन्ही गेल्या तर नाव कटतं आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसऱ्या विद्यापीठातही घेता येत नाही. व्हिसा अर्थातच त्याच्यामागोमाग. उलट पास झालेला पेपर मार्क वाढवायला पुन्हा देता येत नाही, काही ठिकाणचे अपवाद सोडले तर. १.० सर्वांत वर, ४.० म्हणजे जेमतेम पास. तयारी अगदीच अर्धवट असेल तर मुदतीत नाव काढून पुढच्या वेळी २.० मिळवणं हे ३.७ घेऊन कायमचं अडकण्यापेक्षा शहाणपणाचं. आपल्याकडे 'देऊन तर बघू, निघालाच तर निघाला' असं चालतं, तिथे तो हिशोब महागात पडतो. मात्र पाचातले चार काढून टाकलेस तर पुढच्या सेमिस्टरला नऊ पेपर समोर येतील. पहिल्या खेपेला एखादाच पुढे ढकलावा.

परीक्षेच्या धामधुमीत आणखी एक तारीख हमखास विसरली जाते : रूकमेल्डुंग. पुढच्या सेमिस्टरची फी भरून प्रवेश चालू ठेवायचा, आणि उन्हाळी सेमिस्टरसाठी त्याची मुदत बहुतेक ठिकाणी जानेवारी-फेब्रुवारीत संपते. विसरलं तर आधी दंड, मग नाव कटण्याची नोटीस. पैसे भरताना मात्रिकेलनुमर, म्हणजे तुझा विद्यार्थी क्रमांक, बरोबर टाक. पैसे पोहोचले पण कोणाचे ते कळेना, असं झालं की निस्तरायला आठवडा जातो.

आता तासांचा हिशोब. तिथे एक क्रेडिट म्हणजे साधारण ३० तासांचं काम. सहा क्रेडिटचा विषय १८० तासांचा झाला. लेक्चर आणि उबुंग, म्हणजे सरावाचा तास, धरून आठवड्याला चार तास, पंधरा आठवडे, म्हणजे ६० तास वर्गात गेले. उरलेले १२० तुझे तुलाच करायचे. पाच विषयांचे ६००. फेब्रुवारीत पुस्तक उघडलंस, रोज आठ तास, आठवड्याचे सहा दिवस, सहा आठवडे, तरी २८८च भरतात. निम्मेही नाहीत. म्हणजे 'प्रिपरेशन लीव्हमध्ये काढू' हे इथे गणितातच बसत नाही. डिसेंबरपासून प्रत्येक विषयाला आठवड्यातून पाच तास दे. नाताळाच्या दोन आठवड्यांत वर्ग नसतात आणि सगळं शहर बंद असतं, तेवढ्या काळात दोन सर्वांत जड विषयांची उजळणी संपव.

पेपरचा साचाही वेगळा आहे. आपल्याकडे 'प्रश्न १ किंवा २ सोडवा' असं असल्यामुळे प्रत्येक युनिटचा निम्मा भाग सोडूनही माणूस पास होतो. तिथे सहसा पर्याय नसतो. ९० मिनिटांचा पेपर, बऱ्याचदा ९० गुण, म्हणजे गुणाला एक मिनिट. लांबलचक थिअरी लिहून पानं भरण्याला शून्य किंमत. तीन ओळींत नेमकं उत्तर, आकडा, एकक. हे अंगवळणी पडायला जुने पेपर, म्हणजे आल्टक्लाउझुर, हाच एक रस्ता. ते फाखशाफ्टकडे मिळतात, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी संघटनेकडे. काही प्राध्यापक स्वतःच पोर्टलवर टाकतात. उत्तरं समोर ठेवून जुना पेपर 'वाचणं' म्हणजे वेळ घालवणं. घड्याळ लाव, ९० मिनिटांत सोडव, मग तपास.

ज्या पेपरला हाताने लिहिलेलं एक ए-फोर पान नेता येतं, त्याचं पान दोनदा बनव. पहिलं पेपरच्या दहा दिवस आधी. तेवढंच पान घेऊन दोन जुने पेपर सोडव. सोडवताना जे शोधलंस आणि सापडलं नाही ते बाजूला टिपत जा, जे एकदाही लागलं नाही त्यावर काट मार. मग दुसरं, पक्कं पान. 'हाताने लिहिलेलं' याचा अर्थही विचारून घे. टॅबलेटवर लिहून छापलेलं पान काही ठिकाणी चालत नाही, फोटोकॉपी तर बहुधा नाहीच. कॅल्क्युलेटरचंही तसंच. घरून नेलेला कॅसिओ सगळीकडे चालेल असं धरून चालू नको, त्या विषयाच्या यादीत तुझं मॉडेल आहे का ते बघ.

आणि दोन बारक्या गोष्टी, ज्यांनी मार्क जातात पण कोणी सांगत नाही. जर्मन पेपरात दशांश चिन्ह स्वल्पविराम असतो. ३,५ म्हणजे साडेतीन, आणि १.००० म्हणजे एक हजार. इंग्रजी भाषेतल्या पेपरातही आकडे कधी कधी जर्मन पद्धतीने छापलेले असतात. दुसरं, इंग्रजी आकड्यातला सात. तिथले लोक एकाला डोक्यावर लांब तिरकी रेघ देतात आणि साताच्या कमरेला आडवी रेघ मारतात. आपण लिहिलेला बिनरेघेचा सात त्यांना एक वाटतो. आजपासून साताला रेघ मारायची सवय लाव, पेपरात आठवत नाही.

शिफ्टचं आता. परीक्षा येतात त्या काळात वर्ग नसतात, म्हणून त्याला सुट्टीचा काळ म्हणतात, आणि सुट्टीच्या काळात आठवड्याला वीस तासांहून जास्त काम करायला विमा आणि विद्यार्थी दर्जाच्या दृष्टीने मोकळीक असते. हे शिफ्ट लावणाऱ्या माणसालाही माहीत असतं. नेमक्या फेब्रुवारीत तो 'चाळीस तास देतो' म्हणतो. पैसे दिसतात, आणि इथेच गाडी घसरते. शिवाय तुझ्या परवान्यावरची वर्षाची मर्यादा आहेच : १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस, जानेवारीपासून नव्याने मोजायचे. चार तासांपर्यंतची शिफ्ट अर्धा दिवस, त्यापुढे गेली की पूर्ण. तुझ्या तीन शिफ्टचे आठवड्याला तीन अर्धे होतात. तेच बारा तास सहा-सहाच्या दोन शिफ्टमध्ये केलेस तर चार. चार तासांची शिफ्ट 'अर्धा तास थांब ना' म्हणून लांबवू देऊ नकोस.

पार्टटाइम नोकरीलाही तिथे पगारी रजा असते, हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. कायद्याने वर्षाला किमान चार आठवडे. आठवड्याला तीन दिवस काम करणाऱ्याला वर्षाच्या बारा शिफ्ट, म्हणजे महिन्यामागे एक. नोव्हेंबरात लागली असशील तर फेब्रुवारीपर्यंत तीन शिफ्ट जमल्या. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पाचही तारखा मेलवर लिहून कळव, प्रत्येक पेपरच्या आधीचे तीन दिवस शिफ्ट नको म्हण आणि त्यातल्या काही रजेत घाल. तोंडी सांगितलेलं धरलं जात नाही.

आता दिवस. होस्टेलच्या खोलीत पलंग दीड फुटावर असतो, त्यामुळे सकाळ बिबमध्ये काढ, म्हणजे लायब्ररीत. परीक्षेच्या दिवसांत नऊनंतर चांगली जागा मिळत नाही. बॅग आणि जाकीट बऱ्याच ठिकाणी आत चालत नाही. लॉकरला एक किंवा दोन युरोचं नाणं लागतं, ते पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात कायम ठेव, सकाळी साडेआठला सुटे मागायला कोणी नसतं. सामान पारदर्शक पिशवीत, पाणी झाकणाच्या पारदर्शक बाटलीत. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, विकत घेऊ नको. जागेवरून उठताना काही लायब्रऱ्यांत गाडीच्या पार्किंगसारखी पुठ्ठ्याची चकती ठेवावी लागते, तिच्यावर उठल्याची वेळ लावायची. ठरलेला वेळ, बहुधा तासभर, उलटला की दुसरा माणूस तुझं सामान सरकवून बसू शकतो आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. वह्या ठेवून दिवसभर जागा अडवायची आपली रीत तिथे चालत नाही.

साडेआठ ते दहा जुना पेपर घड्याळ लावून, कारण खरा पेपरही बऱ्याचदा सकाळीच असतो. मग तपासणी. साडेअकराला मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवून घे, बारानंतर रांग लागते. वर्ग संपल्यावर मेन्साच्या वेळा कमी होतात, काही शाखा बंदच असतात, तेव्हा नवीन वेळापत्रक बघून ठेव. जेवल्यावर वीस मिनिटं बाहेर उजेडात चाल. नागपूरच्या माणसाला हे सांगावं लागतं हेच नवल, कारण इथे आपण उन्हापासून पळतो. पण फेब्रुवारीच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये पावणेआठला उजाडतं आणि पाचला अंधार. दिवसभर आत बसलीस तर सूर्य दिसतच नाही, रात्री झोप लागत नाही, सकाळी उठवत नाही. दुपारी एक ते चार दुसरा विषय. त्यानंतर डोकं चालत नाही, हे मान्य कर आणि स्वयंपाक, कपडे, सामान याला लाग.

दोन पेपरांमधले दहा-बारा दिवस फसवे असतात. पेपर झाल्यावर त्या दिवशी सुट्टी घे, पण दुसऱ्या सकाळी बिबमध्ये हवीस. 'दोन दिवस आराम' म्हणता म्हणता चार जातात.

किचनबद्दल तू एकच ओळ लिहिलीस, पण त्रास तिथेच जास्त होतो. फोडणीचा धूर स्मोक अलार्मला पुरतो. मोहरी मध्यम आचेवर तडतडू दे, मिरची आणि तिखट सगळ्यात शेवटी, चिमणी आधीपासून चालू. धूर झालाच तर खिडकी उघड. कॉरिडॉरचं दार मात्र अजिबात उघडू नको. धूर बाहेर गेला की कॉरिडॉरचा अलार्म वाजतो, तो काही इमारतींत थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो, सगळी इमारत रात्री खाली उतरते आणि बिल तुझ्या नावाने येऊ शकतं. विजेची सपाट शेगडी गॅससारखी लगेच थंड होत नाही, उकळी आली की आच दोनवर आण आणि शिजायच्या पाच मिनिटं आधीच बंद कर. रात्री दहा ते सकाळी सहा शांततेची वेळ, त्यात कुकरच्या शिट्ट्या नकोत.

कुकर लागतोच असंही नाही. मसूर डाळ कोणत्याही साध्या दुकानात लाल मसूर म्हणून मिळते आणि न भिजवता वीस मिनिटांत शिजते. अर्धा किलोच्या पाकिटात आठ वेळचं वरण होतं. चार डबे फ्रीजरमध्ये, दोन फ्रीजमध्ये, डब्यावर नाव आणि तारीख. भात मात्र साठवू नकोस. उरला तर तासाभरात फ्रीजमध्ये टाक आणि दुसऱ्याच दिवशी चांगला गरम करून संपव. बाहेर राहिलेला भात परत गरम केला तरी पोट बिघडवतो. पेपरच्या आदल्या दिवशी सावजीचा मसाला डब्यातच राहू दे. रविवारी दुकानं बंद, बव्हेरियात असशील तर इतर दिवशीही आठला बंद, म्हणून सामान शनिवारी दुपारपर्यंत. रविवारी अगदीच अडलं तर मोठ्या रेल्वे स्टेशनातलं दुकान उघडं असतं.

आजारी पडलीस तर क्रम नीट लक्षात ठेव. पेपरच्या दिवशी किंवा त्याआधी डॉक्टरकडे जायचं, नंतर नाही. नोकरीत चालणारी साधी सिक नोट बऱ्याच विद्यापीठांत चालत नाही, प्रुफुंग्सअम्टचा स्वतःचा फॉर्म असतो. तो आजच दोन प्रती छापून ठेव, तापात प्रिंटर शोधावा लागू नये. डॉक्टरने भरलेला फॉर्म ठरलेल्या दिवसांत पोहोचवायचा, बहुधा तीन कामाच्या दिवसांत. बरं वाटत नसताना पेपरला बसलीस आणि मग 'आजारी होते' म्हणालीस तर सहसा ऐकून घेत नाहीत. दवाखाने बंद असताना ११६११७, जिवावरचं असेल तर ११२. मन फार खचलं, झोप-जेवण सुटलं, तर श्टुडिएरेंडनवेर्कचा, म्हणजे विद्यार्थी सेवा संस्थेचा, समुपदेशन विभाग असतो. तिथलं बोलणं गुप्त राहतं, इंग्रजीतही होतं. वेळ मिळायला दिवस लागतात, तेव्हा पाणी गळ्याशी यायच्या आधी फोन कर.

घरच्यांसाठी हे त्यांनाच वाचायला दे. मार्चच्या शेवटच्या रविवारपर्यंत नागपूर साडेचार तास पुढे, मग घड्याळं बदलतात आणि साडेतीन तास. तिची रात्रीची नऊ म्हणजे तुमची दीड. बरी वेळ तिची दुपारी दोन, तुमची साडेसहा : दिवेलागणीला दहा मिनिटं. पेपर कसा गेला हे त्याच दिवशी विचारू नका. निकाल आठवड्यांनी लागतो, आणि २.३ ऐकून 'एवढेच?' म्हणू नका, तो चांगला ग्रेड आहे.

पार्सलबद्दलही. तूप, पेढे, खव्याचे पदार्थ पाठवू नका, दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात असे नेता येत नाहीत. संत्रीही नाहीत, ताज्या फळांना वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. औषधं पोस्टाने अजिबात नको, ती फक्त प्रवासात स्वतःच्या सामानात, स्वतःपुरती नेता येतात. क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल तिथल्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. भिवापुरी तिखट, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कोरडा चिवडा पाठवा. भेटवस्तूची किंमत ४५ युरोच्या आत असली तर शुल्क लागत नाही. प्रत्येक वस्तूचं नाव आणि किंमत फॉर्मवर नीट लिहा, नाहीतर पार्सल कस्टममध्ये अडकतं आणि पोरीचा अर्धा दिवस ते सोडवण्यात जातो. आणि विमानाचं तिकीट पाचही पेपरांच्या तारखा पक्क्या झाल्याशिवाय काढू नका. वर्ग फेब्रुवारीत संपले म्हणजे परीक्षा संपली असं नाही.

पेपरच्या आदल्या संध्याकाळी हॉल पुन्हा तपास, शेवटच्या दिवशी बदलतो. जागा मात्रिकेलनुमरप्रमाणे लागतात. विद्यार्थी कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही घे. दोन पेनं, निळी किंवा काळी, कारण लाल आणि हिरवी तपासणाऱ्यांची, आणि पेन्सिलीने लिहिलेलं बहुधा धरत नाहीत. लागते त्याच्या आधीची ट्रेन पकड, जर्मन रेल्वे वेळेवर असते हे इथे बसून वाटतं. मोबाइल बंद करून बॅगेत, बॅग भिंतीशी. खिशात राहिलेला फोन वाजला नाही तरी फसवणुकीचा प्रयत्न ठरू शकतो.

निकाल लागल्यावर आइनझिश्टला जरूर जा, पास झालीस तरी. तपासलेली उत्तरपत्रिका समोर बसून बघता येते, तारीख एकच असते आणि काही ठिकाणी आधी नाव द्यावं लागतं. पहिली दहा मिनिटं फक्त बेरीज कर, प्रत्येक पानावरचे गुण आणि पहिल्या पानावरची एकूण. मग न तपासलेली पानं आहेत का ते बघ, विशेषतः मागच्या बाजूला लिहिलेलं. हरकत तिथल्या तिथे लेखी द्यायची, उत्तर क्रमांक आणि कारण लिहून. 'मला जास्त अपेक्षा होती' हे कारण नाही, '४ ब मध्ये एकक बरोबर असून गुण दिलेला नाही' हे आहे.